अंगावर घालायचं आणीबाणीचं वैद्यकीय उपकरण: आराखड्यापासून बाजारापर्यंत, योग्य क्रमाने

पडल्यावर, फिट आल्यावर किंवा हृदयाचे ठोके बिघडल्यावर आपणहून मदत मागणारं उपकरण बनवायला घेणाऱ्या बहुतेक टीम सेन्सरपासून सुरुवात करतात. नमुना महिन्याभरात तयार होतो, टेबलावर छान चालतो. आणि मग कुणीतरी विचारतं, "अलार्म गेल्यावर पलीकडे फोन कोण उचलणार?" तोवर मॉडेम निवडून झालेला असतो, केसिंगचा साचा ऑर्डर झालेला असतो आणि जाहिरातीत 'जीव वाचवतं' असं छापूनही झालेलं असतं.

म्हणून इथे क्रम उलटा आहे. मदत करणाऱ्या माणसापासून सुरुवात करायची आणि मागे येत येत सेन्सरपर्यंत पोचायचं. उदाहरणासाठी पडणं ओळखणारं मनगटी उपकरण घेतलं आहे. छातीवरची पट्टी किंवा गळ्यातलं बटण असेल तर तपशील बदलतील, क्रम तोच राहील.

१. मदतीची साखळी आधी कागदावर

एक मोठा कागद घ्या आणि घटना घडल्यापासून माणूस सुरक्षित होईपर्यंतची प्रत्येक कडी लिहा: पडणं, ओळख पटणं, खोटा अलार्म रद्द करायची मुभा, संदेश जाणं, कुणीतरी तो पाहणं, त्या माणसाने निघणं, घरात शिरणं. प्रत्येक कडीसमोर तीन गोष्टी मांडा: किती वेळ लागेल, ती कशामुळे तुटेल, तुटली तर पुढे काय.

शेवटची कडी हमखास राहून जाते. मदत दारात पोचते आणि दार आतून बंद असतं. किल्ली कोणाकडे आहे, कुलूप कोणत्या प्रकारचं आहे, शेजारी कोण, ही माहिती नोंदणीच्या वेळीच घ्यायची. ती अ‍ॅपमध्ये कुठेतरी असून उपयोग नाही. फोन उचलणाऱ्याच्या समोर स्क्रीनवर दिसली पाहिजे.

संदेश कुठे जाणार याचे तीन पर्याय आहेत: नातेवाईक, २४ तास चालणारं देखरेख केंद्र आणि सरकारी आपत्कालीन क्रमांक. ११२ किंवा ९११ सारख्या क्रमांकावर यंत्राने परस्पर ध्वनिमुद्रित संदेश लावण्यावर अनेक ठिकाणी बंधनं आहेत. जिथे विकणार तिथला नियम आराखडा पक्का करण्याआधी पाहून घ्या. केवळ नातेवाइकांवर भिस्त ठेवणार असाल तर एकाने उचलला नाही की किती सेकंदांनी दुसऱ्याला लावायचा, आणि कुणीच उचलला नाही तर काय, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

> सावधान: संदेश 'गेला' आणि संदेश 'कुणीतरी पाहिला' या दोन वेगळ्या अवस्था आहेत. पडलेल्या माणसाला दोन्ही वेगवेगळ्या कळल्या पाहिजेत, दिवा, कंपन आणि आवाज अशा तिन्ही मार्गांनी. नाहीतर तो घाबरून बटण पुन्हा पुन्हा दाबत राहतो.

तपासा: टीममधल्या कुणालाही विचारा: रात्रीचे तीन वाजलेत, वाय-फाय बंद आहे, मुलगी फोन उचलत नाही. पुढच्या पाच मिनिटांत काय होईल? उत्तरं वेगवेगळी आली तर साखळी अजून तयार नाही.

२. उद्देशाचं एक वाक्य लिहा, वर्ग मग ठरतो

उपकरण कोणासाठी, कुठे वापरायचं, काय ओळखतं आणि त्या माहितीचं पुढे काय होतं, हे सगळं एका वाक्यात बसवा. खाली दुसरं वाक्य: ते काय ओळखत नाही. नियामकाच्या (विक्रीला परवानगी देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) दृष्टीने तुमचं उपकरण म्हणजे आधी हे वाक्य, प्लास्टिक आणि चिप नंतर. 'पडल्याची सूचना पाठवतं' आणि 'हृदयविकाराचा झटका ओळखतं' यांचं सर्किट जवळपास सारखं असू शकतं, पण पुराव्याचा भार जमीन-अस्मानाइतका वेगळा.

अमेरिकेत जोखमीनुसार तीन वर्ग आहेत, युरोपीय संघात २०१७/७४५ या नियमावलीखाली चार, आणि भारतात २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार ए ते डी असे चार. अमेरिकेत आधीपासून बाजारात असलेल्या उपकरणाशी तुलना दाखवता येत असेल तर ५१०(के) हा मार्ग, तुलना करण्याजोगं काही नसेल पण जोखीम मध्यम असेल तर डी नोव्हो, सर्वांत वरच्या वर्गासाठी पीएमए, म्हणजे विक्रीपूर्व मंजुरी. हृदयाचा आलेख काढणाऱ्या घड्याळाला २०१८ मध्ये डी नोव्हो मार्गाने परवानगी मिळाली. अंगावर घालायचा डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) मात्र वरच्याच वर्गात मोडतो.

इथली नेहमीची पळवाट म्हणजे खोक्यावर 'फिटनेससाठी' लिहायचं आणि जाहिरातीत घरातल्या वडीलधाऱ्यांचा जीव वाचल्याची गोष्ट सांगायची. नियामक खोकंही वाचतो आणि जाहिरातही.

नोंदी याच टप्प्यापासून ठेवा. गुणवत्ता व्यवस्थेसाठी आयएसओ १३४८५ हे मानक जगभर चालतं. अमेरिकेनेही फेब्रुवारी २०२६ पासून आपले गुणवत्ता नियम त्याच्याशी जोडले आहेत. कोणता निर्णय कधी, कशामुळे घेतला हे त्या त्या वेळी लिहिलेलं असलं पाहिजे. शेवटी बसून मागच्या तारखांचे कागद तयार करणं अनुभवी तपासनीसाला पहिल्या तासात कळतं.

३. जोखमीची यादी

आयएसओ १४९७१ या जोखीम हाताळण्याच्या मानकानुसार चाला. यादी दोन खात्यांत करा. पहिल्या खात्यात उपकरण कामाला न आल्याने होणारं नुकसान: हुकलेली घटना, उशीर, चुकीचा पत्ता, खोटे अलार्म आणि त्यातून येणारं दुर्लक्ष. दुसऱ्या खात्यात उपकरणानेच केलेलं नुकसान: त्वचेवर पुरळ, भाजणं, बॅटरी फुगणं, गळ्यातल्या दोरीचा फास बसणं. हे दुसरं खातं बहुतेकांच्या यादीत अर्ध्या पानाचंही नसतं.

उपायांचा क्रमही ठरलेला आहे. आधी आराखडाच बदलून धोका काढा, ते जमत नसेल तर संरक्षण घाला, आणि सगळ्यात शेवटी सूचना लिहा. गळ्यातली दोरी ओढ बसताच सुटणारी करता येत असताना 'झोपताना काढून ठेवा' असं पुस्तिकेत छापणं चालत नाही. झोपेतून उठून बाथरूमला जाताना तर माणसं पडतात.

४. पट्टा, बटण आणि चार्जिंग सेन्सरच्या आधी

केंब्रिजमध्ये नव्वदी ओलांडलेल्यांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की मदतीचं बटण उपलब्ध असूनही, जमिनीवर बराच वेळ पडून राहिल्याच्या बहुतेक घटनांत ते वापरलंच गेलं नव्हतं. यंत्रात बिघाड नव्हता. माणसं ते घालत नाहीत, घातलं तर दाबत नाहीत, 'उगाच कुणाला त्रास नको' म्हणतात. आपोआप ओळखणारा सेन्सर यातली एकच अडचण सोडवतो. न घातलेल्या उपकरणाला तोही काही करू शकत नाही.

म्हणून पहिले नमुने आतून रिकामे असू द्या: फक्त केसिंग, पट्टा आणि वजन. ते दोन आठवडे खऱ्या वापरकर्त्यांना घालायला द्या आणि कधी काढलं, का काढलं एवढंच विचारा. घाम येतो, बाही अडकते, आंघोळीनंतर खाली साबण राहतो, 'हे घातलं की आजारी वाटतं': बहुतेक उत्तरं अशीच असतात, आणि त्यातलं एकही सर्किटबद्दलचं नसतं.

बटणाची चाचणी टेबलावर करू नका. टीममधल्या कुणीतरी सतरंजीवर कुशीवर पडायचं, उपकरण घातलेला हात अंगाखाली, चष्मा काढलेला, खोलीत अंधार. आता दुसऱ्या हाताने बटण शोधायचं. खोबणीत बसवलेलं बटण या अवस्थेत अंगठ्याला लागत नाही, आणि लागलं तरी संधिवाताच्या बोटाने पूर्ण दाबलं जात नाही. वर आलेलं बटण सापडतं, पण तेच झोपेत उशीवर दाबलं जातं. बऱ्यापैकी जमणारा मार्ग असा: मोठं, कडेला स्पष्ट उंचवटा असलेलं बटण, दोन-तीन सेकंद धरून ठेवायचं, आणि धरल्यापासून वाढत जाणारं कंपन, म्हणजे चुकून दाबलं गेलं तर वेळेत सोडता येतं. ओल्या किंवा रक्ताळलेल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, तेव्हा मदत मागायचं काम फक्त तिच्यावर सोपवू नका.

> सावधान: वयस्कर वापरकर्त्यांना चाचणीसाठी जमिनीवर पाडू किंवा झोपवू नका. त्यांची चाचणी पलंगावर आणि खुर्चीत.

आवाजाचंही तसंच. लहान पिझो बझर साधारण दोन ते चार किलोहर्ट्झला सर्वांत मोठ्याने वाजतात, आणि वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं ते नेमकं वरच्या पट्टीतलं. प्रयोगशाळेतल्या पंचविशीतल्या इंजिनिअरला कर्कश वाटणारा अलार्म ज्याच्यासाठी आहे त्यालाच ऐकू जात नाही. छोटा का होईना, स्पीकर घाला आणि खालच्या पट्टीतला आवाज निवडा.

पाण्याबद्दल: आयपी६७ हा धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा म्हणजे एक मीटर खोल साध्या पाण्यात ३० मिनिटं. गरम पाणी, वाफ आणि साबण त्यात येत नाहीत. निसरडी बाथरूम ही पडण्याची नेहमीची जागा असताना 'आंघोळीपूर्वी काढा' अशी सूचना असलेलं उपकरण विकण्यात अर्थ नाही, तेव्हा साबणाच्या गरम पाण्याची चाचणी स्वतः करा. त्वचेला लागणाऱ्या प्रत्येक भागासाठी आयएसओ १०९९३ मालिकेतल्या पेशी-विषारीपणा, ॲलर्जी आणि दाह या चाचण्या लागतात. मधेच पट्ट्याचा रंग किंवा पुरवठादार बदलला तर त्या पुन्हा कराव्या लागतील का, हे तपासून लेखी नोंदवावं लागतं. खरेदी विभागाला हे आधीच सांगून ठेवा.

चार्जिंग रात्रीचं ठेवू नका. एकतर बॅटरी पाच दिवस टिकली पाहिजे, नाहीतर खुर्चीत बसल्या बसल्या मनगटावरच चार्ज करता आलं पाहिजे. यातलं काहीच जमत नसेल तर दोन उपकरणं द्या.

५. ओळख: बरोबर किती यापेक्षा खोटे किती

पडण्याचा ढोबळ नकाशा असा: क्षणभर वजन हलकं झाल्याची नोंद, मग आघाताचं टोक, मग शरीराचा कल बदलणं, मग स्तब्धता. हवेचा दाब मोजणारा सेन्सर जोडला तर उंचीतला फरकही कळतो. समुद्रसपाटीजवळ एक मीटरला दाब साधारण १२ पास्कलने बदलतो. पण दार उघडलं, पंखा लावला तरी दाब हलतो, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या साक्षीवर निर्णय नको.

'९९.९ टक्के अचूक' या दाव्याचं गणित करून पाहा. समजा अल्गोरिदम दर मिनिटाला एकदा 'पडला की नाही' ठरवतो आणि पडलेला नसताना ९९.९ टक्के वेळा बरोबर सांगतो. दिवसात १,४४० मिनिटं. म्हणजे रोज साधारण दीड खोटा अलार्म. तिसऱ्या दिवशी उपकरण कपाटात. खरी पडण्याची घटना मात्र एकेका माणसाच्या बाबतीत महिनोन् महिने घडत नाही. म्हणून टीमने एकच आकडा भिंतीवर लावावा: एका वापरकर्त्यामागे आठवड्याला किती खोटे अलार्म. एक हजार वापरकर्ते आणि आठवड्याला प्रत्येकी एक, एवढं जरी झालं तरी देखरेख केंद्रात रोज सुमारे १४३ फुकट फोन येतात. आता केंद्रातल्या माणसांचा खर्च काढा.

खोटे अलार्म कमी करायला रद्द करण्याची मुदत ठेवतात, साधारण २० ते ३० सेकंद. ती जास्त वाढवू नका. रद्द करणं सोपं हवं, पण बेशुद्ध माणसाच्या अंगाखाली बटण दाबलं जाऊन रद्द होईल इतकं सोपं नको.

नेहमीच्या चुका:

- सगळा डेटा तरुणांनी गादीवर मारलेल्या उड्यांचा. वयस्कर माणूस बरेचदा भिंतीला धरत हळूहळू घसरतो. त्यात आघाताचं टोक नसतंच.
- एकाच माणसाच्या नोंदी शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या अशा दोन्ही गटांत. निकाल सुंदर दिसतो, नव्या माणसावर कोसळतो. विभागणी माणसांनुसार करा.
- फक्त घरातल्या हालचालींवर चाचणी. २०२२ मध्ये फोन-घड्याळांतल्या अपघात ओळखणाऱ्या सुविधेने रोलर कोस्टरवर बसलेल्यांसाठी आपत्कालीन केंद्रांना फोन लावले होते. टाळ्या वाजवणं, सोफ्यावर धपकन बसणं, कपडे आपटून धुणं, सगळं यादीत हवं.
- प्रकाशावर चालणारा सेन्सर एकाच वर्णाच्या त्वचेवर तपासणं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये प्रकाशावरच चालणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरने घटलेला प्राणवायू न पकडण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट आढळलं.

तपासा: अंतिम चाचणीचे निकाल पाहण्याआधी सगळे उंबरठे (कोणत्या आकड्यापुढे 'पडला' धरायचं ते) गोठवून तारखेसह नोंदवले आहेत का? निकाल पाहून उंबरठा हलवला की ती चाचणी वाया गेली. सॉफ्टवेअरची प्रत्येक आवृत्ती आयईसी ६२३०४ या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या मानकानुसार नोंदलेली हवी.

६. वीज आणि सिग्नल

साधा हिशेब: ३०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी, त्यातलं ८० टक्के धरलं तर २४०, सरासरी खप दोन मिलिअँपिअर असेल तर १२० तास, म्हणजे पाच दिवस. हा आकडा सगळे काढतात. घात करतो तो क्षणिक खप. मॉडेम कॉल लावताना प्रवाह एकदम उसळतो, थंडीत किंवा जुन्या बॅटरीत व्होल्टेज त्या क्षणी कोसळतं आणि उपकरण नेमकं मदत मागताना बंद पडून पुन्हा सुरू होतं. चाचणी जुन्या केलेल्या, थंड, १५ टक्के चार्ज असलेल्या बॅटरीवर करा. शेवटच्या कॉलपुरती वीज राखीव ठेवून बाकीची कामं आधीच बंद करा.

अँटेना मनगटावर बांधून मोजा. शरीर रेडिओलहरी शोषतं, त्यामुळे हवेत लटकवून घेतलेले आकडे इथे कामाचे नाहीत. जीपीएस घरात भरवशाचं नसतं. वाय-फायच्या खुणा, मोबाइल टॉवर आणि नोंदणीतला घरचा पत्ता असा क्रम लावा. अंदाजे ठिकाण असेल तर स्क्रीनवर 'अंदाजे' असंच दिसू द्या.

जाळं किती वर्षं टिकेल हेही पाहा. अमेरिकेत २०२२ मध्ये ३जी सेवा बंद झाल्या तेव्हा त्यावर चालणारी जुनी आपत्कालीन बटणं बदलावी लागली. ब्रिटनमध्ये डिजिटल फोनलाइनवर जाताना घरगुती अलार्म बंद पडल्याच्या गंभीर घटनांनंतर डिसेंबर २०२३ मध्ये सक्तीचं स्थलांतर थांबवण्यात आलं.

७. चाचण्यांचा क्रम

प्रमाणपत्राची अंतिम चाचणी महाग असते, म्हणून त्याच प्रयोगशाळेत आधी अर्ध्या दिवसाची पूर्वतपासणी करून घ्या. विद्युत सुरक्षेसाठी आयईसी ६०६०१-१, रेडिओ-हस्तक्षेपासाठी ६०६०१-१-२, घरगुती वापरासाठी ६०६०१-१-११; रुग्णवाहिकेतही वापरणार असाल तर ६०६०१-१-१२. त्वचेला सतत लागणाऱ्या भागाचं तापमान ४१ अंश सेल्सियसच्या वर जात असेल तर ते जाहीर करावं लागतं आणि ४३ ही कमाल मर्यादा. चार्जिंग चालू असताना, पांघरुणाखाली मोजा.

वापरसुलभतेची अंतिम चाचणी साचा पक्का होण्याआधी झाली पाहिजे. अमेरिकी नियामक प्रत्येक वापरकर्ता-गटातून किमान १५ माणसं अपेक्षित धरतो. घालणारा, नातेवाईक आणि केंद्रातला कर्मचारी हे तीन वेगळे गट आहेत. मैदानी चाचणीसाठी नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि लेखी संमती घ्या. आणि लिथियम बॅटरीचा यूएन ३८.३ (वाहतुकीतल्या सुरक्षेच्या चाचण्या) अहवाल हाताशी ठेवा, त्याशिवाय माल विमानात चढत नाही.

८. बाजारात आणणं

विकत घेतो एक, घालतो दुसरा. मुलांना भीती विकून ऑर्डर मिळते, पण तीच जाहिरात पाहून आई म्हणते, 'मी काही इतकी थकलेली नाही', आणि परतीचं पार्सल येतं. दोन वेगळे मजकूर लिहा. घालणाऱ्याशी बोलताना एकटीने फिरायला जाण्याबद्दल, स्वतःच्या घरात राहण्याबद्दल बोला. विकत घेणाऱ्याशी बोलताना फोन कोण उचलतं, किती वेळात, आणि काय ओळखलं जात नाही, हे स्पष्ट सांगा.

दाव्यांची एक वही ठेवा. जाहिरात, वेबसाइट, खोकं, विक्रेत्याचं भाषण, कशातही येणारं प्रत्येक विधान एका रकान्यात आणि शेजारी त्याचा पुरावा. पुरावा नसलेलं विधान छापायचं नाही. मंजूर उद्देशापलीकडचा दावा ग्राहकाच्या तोंडून वदवला तरी तो तुमचाच धरला जातो. 'प्रत्येक पडणं ओळखतं' असं कुठेही लिहू नका.

किंमत सांगताना उपकरण, मासिक सेवा, सिम, पट्टा बदलणं असा पूर्ण वर्षाचा खर्च एकत्र दाखवा. मासिक शुल्क चुकलं तर सेवा त्याच दिवशी तोडू नका. किती दिवस सवलत आणि कोणाला किती वेळा कळवणार, हे करारात ठळक असू द्या.

पहिला आठवडा सर्वांत महत्त्वाचा. नोंदणी झाली की केंद्रातून फोन करून घालणाऱ्याकडूनच एकदा बटण दाबून घ्या. पलीकडून आवाज ऐकू आला की संकोच निम्मा होतो. त्यानंतर महिन्यातून एकदा चाचणी, आणि दोन दिवस उपकरण हललंच नाही तर विचारपूस. विक्रीच्या आकड्यांऐवजी 'रोज किती तास अंगावर' हा आकडा विक्री विभागाच्या बैठकीत मांडा.

९. विक्रीनंतर

तक्रार आणि घटना यांची एकच नोंदवही, आणि ती रोज वाचणारा एक जबाबदार माणूस. मुदती कडक आहेत. युरोपीय संघात गंभीर घटना १५ दिवसांत कळवायची. मृत्यू किंवा प्रकृतीत अनपेक्षित गंभीर बिघाड असेल तर १० दिवसांत. सार्वजनिक आरोग्याला गंभीर धोका असेल तर दोन दिवसांत. अमेरिकेत उत्पादकाला साधारण ३० दिवस, आणि तातडीची उपाययोजना लागणारी घटना असेल तर कामाचे पाच दिवस. सुट्टीच्या काळात ही नोंदवही कोण पाहणार हे नावानिशी ठरवा.

फर्मवेअरचं (उपकरणाच्या आत बसवलेल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट आधी थोड्या उपकरणांवर, मग सगळ्यांवर. अलार्म चालू असताना किंवा बॅटरी कमी असताना अपडेट सुरूच होता कामा नये, आणि ते फसलं तर जुनी आवृत्ती आपोआप परत आली पाहिजे.

सेवा कधीतरी बंद करावी लागेल, त्याची तरतूद पहिल्याच फर्मवेअरमध्ये ठेवा. सर्व्हरकडून ठरावीक तासांत उत्तर आलं नाही तर उपकरणाने हिरवा दिवा विझवून लाल लावायचा आणि 'मदत जोडलेली नाही' असं बोलून सांगायचं. मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद ठेवून ही चाचणी विक्रीपूर्वी एकदा आणि प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर पुन्हा घ्या.